शेतावरचे विमान आणि टाकीतले इंधन

विमान आकाशात उडते हे खरे. परंतु त्याचा जीव जमिनीवर भरलेल्या टाकीत असतो. बैल थकला तर तो थांबतो, मोटार अडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते; पण विमानास आकाशात कडेला उभे राहण्याची सोय नाही. एंजिन बंद पडले की ते खाली येणारच. प्रश्न उरतो तो इतकाच की, ते कोठे आणि कसे येणार. या लेखात आम्ही लहान विमानांचा, त्यातही शेतावर औषध फवारणाऱ्या विमानांचा विचार करणार आहो. इंधनाचा हिशेब कसा ठेवतात, तो का चुकतो आणि चुकल्यावर वैमानिकास सक्तीने उतरावे लागले तर तो काय करतो, हे पाहताना आपल्या गणिताच्या व पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील कित्येक गोष्टी नव्याने भेटतील.

हैदराबादेतील विद्यार्थ्यास हा विषय परका वाटू नये. निजामाच्या कारकिर्दीत बेगमपेठेस विमानतळ झाला. १९४५ साली स्थापन झालेल्या डेक्कन एअरवेजचे ठाणे येथेच होते. १९५३ साली ती कंपनी इतर कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. दि. २३ मार्च २००८ पासून प्रवासी विमाने शमशाबादेस जाऊ लागली. तोपर्यंत बेगमपेठेच्या घरांवरून उतरणारे विमान हे या शहराचे नित्याचे दृश्य होते.

शेतावरचे विमान

शेतीसाठी विमानाचा पहिला उपयोग अमेरिकेत झाला. दि. ३ ऑगस्ट १९२१ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावाजवळ लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी या वैमानिकाने कटाल्पा वृक्षांच्या एका राईवर विमानातून विषारी भुकटीची धुरळणी केली. त्या राईची पाने सुरवंट फस्त करीत होते. ते विमान युद्धकाळातील शिकाऊ वैमानिकांचे होते व भुकटीची पेटी त्यास मागाहून जोडलेली होती. पुढे अनेक वर्षे अशीच जुनी विमाने या कामी वापरली गेली. परंतु ती शेतावरच्या कामासाठी घडविलेली नसल्याने अपघातात वैमानिकाच्या जिवावर बेतत असे. १९५० साली टेक्सासमध्ये फ्रेड वाइक या अभियंत्याने केवळ शेतीसाठी आखलेले विमान तयार केले. वैमानिकाचे आसन उंच व मागे, औषधाची टाकी त्याच्या पुढे, आणि आघात झाल्यास विमानाचा पुढील भाग चेपून धक्का सोसील अशी रचना, ही त्याची वैशिष्ट्ये होती. जड टाकी पाठीमागे असेल, तर आपटल्याबरोबर ती वैमानिकाच्या अंगावर येणार, हे आपण बैलगाडीच्या अनुभवावरूनही जाणतो. गाडी एकाएकी थांबली की मागचे पोते पुढे येते; न्यूटनचा पहिला नियम तो हाच.

आपल्या देशात हिंदुस्थान एरोनॉटिक्स या कारखान्याने बेंगळूर येथे ‘बसंत’ नावाचे शेतीचे विमान बांधले. त्याच्या सुधारलेल्या नमुन्याचे पहिले उड्डाण दि. ३० मार्च १९७२ रोजी झाले. ४०० अश्वशक्तीचे एंजिन, एकच आसन आणि वैमानिकापुढे औषधाची टाकी, असे त्याचे स्वरूप होते. अशी सुमारे चाळीस विमाने तयार झाली व १९८० च्या सुमारास हे काम थांबले. या कारखान्यातील विमानरचनेचा पाया ज्यांनी घातला, ते डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले होते. १९५१ साली उडालेले ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. भारतात आखलेल्या व बांधलेल्या विमानांच्या परंपरेत एका मराठी माणसाचे नाव असे अग्रभागी आहे, हे मराठी विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे.

शेतावरच्या विमानाचे काम इतर विमानांहून वेगळे असते. ते पिकाच्या शेंड्यांपासून दोन-तीन मीटर उंचीवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते, शेताच्या टोकाशी वर उसळते, वळते आणि पुन्हा खाली येते. वीस-वीस मिनिटांनी ते उतरते, औषध भरून घेते व पुन्हा निघते. म्हणजे एकाच सकाळी अनेक उड्डाणे आणि अनेक उतरणी होतात. आणि पुष्कळदा त्या नीटनेटक्या विमानतळावर नव्हे, तर शेताजवळच्या एखाद्या सपाट पट्टीवर होतात. तेथे इंधन पिंपांतून आणावे लागते. इंधनाच्या हिशेबात गफलत होण्यास ही सारी परिस्थिती अनुकूल आहे.

इंधनाचा हिशेब

इंधन मोजण्याची आपली नेहमीची रीत म्हणजे काटा पाहणे. परंतु लहान विमानातील इंधनदर्शक काट्यावर शहाणा वैमानिक सर्वस्वी विसंबत नाही. टाकीतील तरंगत्या बोंडावर तो काटा चालतो. विमान वळले, हेलकावले, की बोंड हलते व काटा भलतेच सांगतो. त्यातही शेतावरची विमाने बहुधा शेपटीकडे चाक असलेली असतात. जमिनीवर उभी असताना त्यांचे नाक वर असते. त्यामुळे जमिनीवर दिसलेले माप आणि सरळ उड्डाणातले माप एक येत नाही. म्हणून उड्डाणापूर्वी टाकीचे झाकण उघडून, खुणा केलेली काठी आत बुडवून वैमानिक इंधन स्वतः मोजतो आणि उड्डाणात घड्याळ पाहतो. काटा बिघडू शकतो. लागलेला वेळ मात्र खोटे बोलत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, विमानाच्या टाकीत वापरण्याजोगे इंधन १५० लिटर आहे व एंजिनास तासाला ६० लिटर लागते. म्हणजे विमान अडीच तास उडेल. पण या अडीच तासांतील शेवटचा अर्धा तास वैमानिकाचा नाही. तो संकटाचा आहे. दिवसा उजेडी, डोळ्यांनी जमीन पाहत केलेल्या उड्डाणातही निदान अर्ध्या तासाचे इंधन शिल्लक राहील असा बेत करावा, असा विमानविद्येतील सर्वमान्य संकेत आहे. तेव्हा ३० लिटर बाजूला काढले. उरले १२० लिटर. शेत तळापासून ४० किलोमीटरवर आहे व विमानाचा वेग ताशी १६० किलोमीटर आहे. जाण्यास १५ मिनिटे, येण्यास १५ मिनिटे. म्हणजे आणखी ३० लिटर गेले. उरले ९० लिटर, अर्थात दीड तास. फवारणीची एक फेरी १५ मिनिटांची धरली, तर फेऱ्या होतील सहा.

आता सहा फेऱ्या झाल्या आहेत. शेताचा एक कोपरा तेवढा राहिला आहे. शेतकरी हात जोडून म्हणतो, “साहेब, एवढा तुकडा उरकून टाका. उद्या वारा सुटला तर काम राहील.” त्याचे म्हणणे खोटे नसते. कापसाच्या बोंडांत अळी शिरली, तर एका दिवसाचा उशीरही त्यास परवडत नाही. वर्षाचे कर्ज, मुलीचे लग्न, घरातील धान्य, सारे त्या पिकावर टांगलेले असते. वैमानिक मनाशी म्हणतो, ‘एकच फेरी, १५ लिटरचा प्रश्न आहे.’ पण ते १५ लिटर म्हणजे त्या राखीव साठ्याचा बरोबर अर्धा भाग होय. शिवाय आपण धरलेला तासाला ६० लिटर हा हिशेब सरासरीचा आहे. भरलेली टाकी घेऊन जमीन सोडताना एंजिन पूर्ण जोराने चालते व तेव्हा इंधन पुष्कळ अधिक जळते. परतीच्या वाटेवर वारा समोरून आला, तर १५ मिनिटांची २० मिनिटे होतात. असे चार ठिकाणचे थोडे थोडे एकत्र आले, की राखीव साठा कागदावरच उरतो. म्हणून जाणता वैमानिक हिशेबात सहा फेऱ्या आल्या, तरी पाचच करून इंधन भरून घेतो.

मोह आणखी एका बाजूनेही येतो. विमानास पेलवणारे वजन ठरलेले असते. विमानाचे पेट्रोल पाण्याहून हलके असून त्याचे एक लिटर सुमारे ०.७२ किलोग्रॅम भरते. ३० लिटर राखीव इंधनाचे वजन झाले २१.६ किलोग्रॅम. तेवढे इंधन कमी घेतले, तर पाण्यात कालविलेल्या औषधाच्या दोन घागरी अधिक नेता येतील. दोन घागरी औषध की अर्ध्या तासाचे आयुष्य, अशा शब्दांत हा प्रश्न मांडला, तर उत्तर कोणीही देईल. परंतु कामाच्या घाईत तो अशा शब्दांत पुढे येत नाही. तो ‘थोडे अधिक काम’ या सज्जन वेषात येतो.

आम्ही कोंकणीभाषक, म्हणून समुद्राचा दाखला आम्हांस सहज सुचतो. गोव्याच्या किनाऱ्यावरून होडी लोटणारा मनुष्य जाण्यापुरती ताकद पाहत नाही; येण्यापुरती पाहतो. जाताना वारा पाठीशी असतो तेव्हा वल्हे हलके वाटते, पण तोच वारा परतताना तोंडावर येणार असतो. विमानाच्या इंधनास हा न्याय जसाच्या तसा लागू आहे.

टाकीत आहे, पण एंजिनात नाही

इंधनाअभावी एंजिन थांबण्याचे दोन प्रकार आहेत व ते निराळे ओळखले पाहिजेत. टाकी खरोखरच रिकामी होणे हा पहिला. टाकीत इंधन असून ते एंजिनापर्यंत न पोचणे हा दुसरा. दुसरा प्रकार अधिक चुटपुट लावणारा; कारण बचावाचे साधन हाताशी असून ते उपयोगी पडत नाही.

याची कारणे अगदी साधी असतात. पुष्कळ विमानांना डाव्या व उजव्या पंखांत दोन टाक्या असतात व कोणत्या टाकीतून इंधन घ्यावयाचे ते एका खटक्याने ठरते. कामाच्या भरात डावी टाकी संपते, उजवी भरलेली असते, आणि खटका फिरविण्याचे राहून जाते. उंचावर उडणाऱ्यास खटका फिरवून एंजिन पुन्हा चालू करण्यास वेळ मिळतो. पिकावरून दोन मीटरवर उडणाऱ्यास मिळत नाही.

दुसरे कारण वळणाचे. पाण्याने भरलेली बादली हात लांब करून गरगर फिरविली, तरी पाणी सांडत नाही. ते बुडाशी दाबून राहते, हा प्रयोग तुम्ही केला असेल. विमानाचे वळणही संतुलित असेल, तर इंधन टाकीच्या तळाशीच राहते. परंतु वळताना विमान बाजूस घसरू लागले, तर इंधन टाकीच्या एका कडेस जाते. आणि ते थोडेच असेल, तर तळाचे निर्गमद्वार उघडे पडून त्यातून इंधनाऐवजी हवा शिरते. शेतावरचे विमान मिनिटामिनिटाला वळते, हे येथे आठवावे. म्हणून ‘तळाशी थोडे आहे’ या थोड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

तिसरे कारण पाणी. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्प थिजते व त्याचे थेंब तळाशी जमतात. पिंपात पावसाचे पाणी उतरते ते निराळेच. पाणी पेट्रोलहून जड, म्हणून ते तळाशी राहते. आणि एंजिनाकडे जाणारी नळी तळापासूनच निघते. यासाठी रोज सकाळी पहिल्या उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाची तोटी उघडून थोडे इंधन काचेच्या पेल्यात काढून पाहतात. विमानांच्या प्रचलित पेट्रोलास ओळखीसाठी निळसर रंग दिलेला असतो. त्याखाली रंगहीन थर दिसला तर ते पाणी होय. पिंपातून इंधन भरताना ते गाळून घेण्याची रीतही याचसाठी आहे.

चौथे कारण ऐकून हसू येईल, पण ते खरे आहे. गोड्या तेलाच्या डब्यास एकच भोक पाडले, तर तेल गुळगुळ करीत अडखळत येते. दुसरे भोक पाडले की धार लागते, हे घरोघरी ठाऊक आहे. विमानाच्या टाकीसही हवा आत येण्यासाठी असे एक छिद्र असते. मातीचे घर बांधणारी कुंभारमाशी तेथे बिऱ्हाड करते, किंवा शेतातील धूळ ते बुजवते, आणि भरल्या टाकीचे विमान उपाशी राहते. एका चिमुकल्या माशीने मोठे यंत्र थांबवावे, यात निसर्गाची थट्टा नाही. पाहणी न करणाऱ्या माणसास मिळालेला तो धडा आहे.

उंची नसताना एंजिन थांबले तर

एंजिन थांबले म्हणजे विमान दगडासारखे पडते, हा समज चुकीचा आहे. ते घसरत घसरत उतरते. लहान विमान सामान्यतः एक मीटर खाली येताना आठ-दहा मीटर पुढे जाते. आठ धरले, तर ३०० मीटर उंचीवरून त्यास २,४०० मीटरची वाट मिळते. ताशी १२० किलोमीटर वेगाने ती ७२ सेकंदांची होय. तेवढ्यात शेत निवडता येते. पण पिकावरून तीन मीटरवर उडणाऱ्याच्या वाट्यास काय येते? केवळ उंचीचा हिशेब केला, तर २४ मीटर!

परंतु त्याच्याजवळ दुसरे भांडवल असते. ते म्हणजे वेग. ताशी १६० किलोमीटर म्हणजे सेकंदास ४४.४ मीटर, ताशी १२० म्हणजे ३३.३ मीटर. गतिजन्य ऊर्जेचे उंचीत रूपांतर करण्याचे सूत्र तुम्हांस माहीत आहे: वेगाच्या वर्गास गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागावे. पहिल्या वेगाने सुमारे १०१ मीटर येतात, दुसऱ्याने सुमारे ५७. वजाबाकी ४४ मीटर. म्हणजे वैमानिकाने तत्काळ विमान वर उचलले, तर जादा वेग खर्चून त्यास जास्तीत जास्त इतकी उंची विकत घेता येते. हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्षात ती याहून कमीच मिळते. तरीही तारेवरून, ताडाच्या झाडावरून किंवा बांधावरून पलीकडे जाण्यास ती पुरावी. त्यानंतर उरतात दहा-बारा सेकंद.

या दहा-बारा सेकंदांत काय करावयाचे ते त्या वेळी सुचत नाही. ते आधीच ठरलेले असावे लागते. पहिली गोष्ट, औषधाची टाकी मोकळी करणे. त्यासाठी एक दांडा असतो. तो ओढताच सारा भार काही सेकंदांत खाली पडतो व विमान हलके होते. दुसरी, मागे न वळणे. उडालो ती पट्टी पाठीमागेच आहे, तेथे परत जाऊ, असा मोह होतो. परंतु वळण्यात वेग व उंची दोन्ही जातात आणि वळता वळता पंखांचा आधार सुटून विमान कोसळते. समोर जे आहे, त्यातल्या त्यात बऱ्या जागी सरळ उतरणे हेच हिताचे. तिसरी, इंधनाची तोटी व विजेचा खटका बंद करणे, म्हणजे आग लागणार नाही. चौथी, विमानाचे दार जमिनीस टेकण्यापूर्वीच सैल करणे, म्हणजे चौकट वाकली तरी आत कोंडले जाणार नाही. पाचवी आणि सर्वांत मोलाची, शेवटपर्यंत विमान हातात ठेवणे.

जागा कशी निवडावी, याचेही नियम आहेत. वाऱ्याच्या तोंडी उतरावे. विमान हवेत ताशी ९० किलोमीटर वेगाने उतरते व वारा ताशी १५ किलोमीटर आहे असे धरू. वाऱ्याच्या तोंडी उतरल्यास जमिनीवरचा वेग ७५ होईल, वाऱ्याबरोबर उतरल्यास १०५. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून दुसऱ्या बाबतीत आघात जवळजवळ दुप्पट. नांगरलेल्या शेतात तासांच्या दिशेने उतरावे, आडवे उतरू नये. आडवे उतरल्यास चाके तासात रुतून विमान पालथे होते. आपल्या तेलंगणातील जमिनीची आणखी काही विघ्ने आहेत. माळावर जागोजाग काळ्या ग्रॅनाइटचे धोंडे, उघड्या विहिरी, भातशेतीचे बांध आणि ताडांच्या रांगा. सर्वांत घातक त्या विजेच्या तारा. त्या वरून दिसत नाहीत, खांब मात्र दिसतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी वैमानिक शेताभोवती एक फेरी मारून खांब मोजतो आणि एंजिन येथे थांबले तर कोठे उतरावयाचे, हे प्रत्येक बाजूसाठी मनाशी ठरवून ठेवतो. संकट आले नाही तर हा विचार वाया जातो. पण असे वाया जाणे हाच त्याचा उत्तम उपयोग नव्हे काय?

बेगमपेठेहून परत फिरलेले विमान

लहान विमानाचे हे नियम मोठ्या विमानास चुकत नाहीत, याचा दाखला आपल्या शहराशी निगडित आहे. दि. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे एक एअरबस ए-३०० विमान मद्रासहून हैदराबादेस आले. बेगमपेठेस दूरचे नीट दिसत नव्हते, म्हणून उतरण्याचा प्रयत्न सोडून ते पुन्हा वर गेले. उतरताना पंखांच्या मागील कडेचे काही फलक बाहेर काढावे लागतात. त्यांना फ्लॅप म्हणतात. वर जाताना ते आत घ्यावयाचे असतात. त्या दिवशी ते आत जाईनात. विमान मद्रासकडे परत वळले. परंतु बाहेर राहिलेल्या फलकांमुळे हवेचा विरोध वाढला, वेग कमी ठेवावा लागला व इंधन अधिक जळू लागले. मद्रास येण्यापूर्वीच इंधन संपत आले आणि वैमानिकांनी ते अजस्र विमान तिरुपतीजवळच्या भातशेतात उतरविले. त्यात अडीचशेहून अधिक माणसे होती. एकही दगावले नाही.

या घटनेत दोन गोष्टी एकत्र दिसतात. इंधनाचा जो हिशेब नेहमीच्या उड्डाणास पुरेसा होता, तो विमानाची अवस्था बदलताच अपुरा ठरला. तेव्हा परिस्थिती बदलली की जुने उत्तर पुसून गणित पुन्हा मांडले पाहिजे. आणि दुसरी, ओल्या मऊ शेतात, विमान हातात ठेवून, शांत चित्ताने उतरल्यास एवढे मोठे संकटही प्राणहानीवाचून पार पडू शकते.

मापाची चूक

दुसरा दाखला कॅनडातील. दि. २३ जुलै १९८३ रोजी एका मोठ्या प्रवासी विमानास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. टाकीत ७,६८२ लिटर शिल्लक होते. लिटरचे वजन करण्यासाठी १.७७ हा आकडा वापरला गेला. तो आकडा पौंडांचा होता. किलोग्रॅमचा आकडा ०.८ च्या आसपास होता. गुणाकार अचूक झाला, वजाबाकी अचूक झाली, भागाकारही अचूक झाला. आणि भरले गेले केवळ ४,९१६ लिटर, जेव्हा वस्तुतः २०,००० लिटरहून अधिक हवे होते. विमान आकाशात असताना दोन्ही एंजिने थांबली. सुदैवाने वैमानिक एंजिनाविना उडणाऱ्या विमानांचा सराव असलेला होता. त्याने गिम्ली गावाजवळच्या जुन्या धावपट्टीवर ते उतरविले व सारे वाचले.

कॅनडात तेव्हा मापे बदलण्याचे काम चालू होते. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने व १९५८ पासूनच्या अंमलाने शेर-मण जाऊन किलोग्रॅम आले. तेव्हाच्या बाजारात किती गोंधळ उडाला असेल, ते घरातील वृद्धांच्या आठवणींतून कळते. उत्तरापुढे एकक लिहिले नाही म्हणून गुरुजींनी गुण कापले, तर विद्यार्थी रुसतात. त्यांनी गिम्लीची गोष्ट आठवावी.

विमान गेले, ड्रोन आले

आज आपल्या शेतांवर फवारणीसाठी माणूस बसलेले विमान क्वचितच दिसते. त्याची जागा ड्रोन घेऊ लागले आहेत. २०२० साली राजस्थानात टोळधाड आली, तेव्हा ड्रोन व हेलिकॉप्टर यांनी औषध फवारले. २०२१ साली ड्रोनसंबंधीचे नियम झाले. येथील राजेंद्रनगरच्या कृषी विद्यापीठात ड्रोन चालविण्याचे शिक्षण दिले जाते. दहावी उत्तीर्ण झालेल्या व १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस हे शिक्षण घेऊन परवाना मिळू शकतो; म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांपैकी काहींच्या हाती उद्या हे यंत्र असेल.

ड्रोनमध्ये कोणाचा जीव नसतो, म्हणून निष्काळजीपणा चालेल असे नाही. पेट्रोलच्या जागी बॅटरी आली, तरी हिशेब तोच आहे. औषधाने भरलेला ड्रोन काही मिनिटेच उडतो. भार अधिक तर वेळ कमी. वारा समोरून तर वेळ आणखी कमी. बॅटरी संपून तो पडला, तर खाली शेतात काम करणाऱ्या बायामाणसांवर पडेल. औषध कोठे पडते, हाही प्रश्न उरतोच. केरळातील कासारगोड भागात, जेथे मराठी व कोंकणी बोलणारी कुटुंबेही आहेत, काजूच्या बागांवर दोन दशकांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. खालच्या वस्तीस त्याचे दारुण दुःख भोगावे लागले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर देशभर बंदी घातली. आकाशातून काम करणाऱ्याने जमिनीवरच्या माणसास विसरता कामा नये.

समारोप

१९३२ साली जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले, तेव्हा वाटेत अहमदाबादेस त्यांच्या चिमुकल्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. विमानाची झेप बैलगाडीवर अवलंबून होती! आजही प्रत्येक झेप अशाच एखाद्या साध्या गोष्टीवर अवलंबून असते: टाकीत बुडविलेली काठी, पेल्यात काढलेले चार थेंब, मनगटावरचे घड्याळ.

विद्यार्थिमित्रहो, कर्तबगार वैमानिक तो नव्हे, जो संकटातून थरारक रीतीने सुटतो. कर्तबगार तो, ज्याच्यावर ते संकट येतच नाही. त्याचे नाव वृत्तपत्रात छापून येत नाही. हात जोडून उभ्या असलेल्या शेतकऱ्यास तो नम्रपणे सांगतो, “दादा, आधी इंधन भरतो, मग तुमचा कोपरा करतो.” हे वाक्य बोलण्यास जे धैर्य लागते, ते आकाशात उडण्याच्या धैर्याहून कमी नाही. आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात तो शेवटचा अर्धा तास असतो. परीक्षेतील वेळ, घरातील पैसा, अंगातील शक्ती, या सर्वांत तो असतो. तो खर्चास काढू नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

विचारासाठी प्रश्न

१. वरील उदाहरणात शेत ४० ऐवजी ६० किलोमीटरवर असेल, तर राखीव साठ्यास हात न लावता किती फेऱ्या होतील?

२. टाकीच्या तळाशी पाणी का जमते? पेट्रोल पाण्याहून जड असते, तर तोटी कोठे ठेवावी लागली असती?

३. एंजिन थांबल्यावर वैमानिक प्रथम विमान वर का उचलतो? ऊर्जेच्या भाषेत स्पष्ट करा.

४. आपल्या गावाकडील एखाद्या शेताचा नकाशा काढून त्यात तारा, विहिरी, बांध व झाडे दाखवा. वारा पश्चिमेकडून वाहत असता विमान कोणत्या दिशेने उतरवाल, ते बाणाने दर्शवा.